दोन सायलेन्सरांची गाडी

कळंब, ता. आंबेगाव
२४ एप्रिल २००७

प्रिय सोपान,

आधी मला एवढंच सांग, तुमच्या त्या मस्कतमध्ये कुणी शहाणा माणूस चांगली चालती गाडी मधूनच कापून तिला दोन सायलेन्सर बसवतो का? बसवत असतील तर तसं कळव, म्हणजे मी गप्प बसेन. बसवत नसतील तर तुझ्या अण्णांना काय म्हणायचं ते तूच ठरव, मी आता थकले.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. दर रविवारी फोन होत असताना आईला पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे आणि ते मी सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीनं. आधी माझा राग निघू दे. मागच्याच्या मागच्या रविवारी तू अण्णांना फोनवर विचारलंस, की कंपनी पाच वर्षांचा नवा करार देतेय, मेच्या वीस तारखेच्या आत सही करायची आहे. तर सही करू, की परत येऊन तुमच्याबरोबर गॅरेज सांभाळू? त्यावर ते म्हणाले, "बरं बरं. तब्येत संभाळ. घे, आईशी बोल." आणि मग तू मला म्हणालास, की माणूस परक्याशीसुद्धा यापेक्षा दोन शब्द जास्त बोलतो, त्यांना मी नकोच आहे, मी सही करून मोकळा होतो. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू अजून सही केलेली नाहीस असं धरून मी लिहितेय. केली असशील तरी शेवटपर्यंत वाच.

तर गाडी. दिवाळीत अण्णांनी नारायणगावच्या एका बागाईतदाराची जुनी स्कॉर्पिओ घेतली, हे तुला मी सांगितलं होतं. अंगणात उभी केली की तुळशीला प्रदक्षिणा घालायला जागा उरत नाही, एवढी थोराड. पण आली तेव्हा गाडी गुणी होती. दारात येऊन उभी राहिली तरी आत स्वयंपाकघरात कळायचं नाही. मला वाटलं, चला, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणे पडले, आता स्वतःच्या गाडीत सरळ बसतील. ओझरला जाऊ, लेण्याद्रीला जाऊ. पण सुख पचायला नशीब लागतं. जानेवारीत एक दिवस गाडीतून उतरले ते कपाळाला आठ्या घालूनच. म्हणाले, "हिचा आवाज बसलाय. कुठंतरी घुसमटतीय ही."

झालं. त्या दिवसापासून त्या गाडीला एक दिवस स्वस्थ उभी राहू दिली नाही. एअर फिल्टर बदलला. डिझेलचा फिल्टर बदलला. इंजेक्टर काढून मंचरच्या पंपवाल्याकडे तपासायला नेले. त्यानं तपासले आणि सांगितलं, "आण्णा, काय सुदिक न्हाई, गाडी झकास हाय." तरी यांचं समाधान नाही. घरी येऊन तो लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, ज्याचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. तासभर ते इंजिनावर ओणवे होते. आधी उजवा कान, मग डावा, मग परत उजवा. मी चहा घेऊन उभी, चहा गार. मान हलवली आणि म्हणाले, "बोलतच न्हाई ही."

मी म्हटलं, न बोलणारी मिळाली तर बरंच झालं की, मी एक आहे तेवढी पुरे. त्यावर हसलेसुद्धा नाहीत. मला राग आला, कारण एवढा चांगला टोमणा वाया गेला होता.

मग पाडव्यानंतर त्यांनी डोक्यात घेतलं, की हिला एक सायलेन्सर पुरत नाही. एवढं मोठं जनावर, त्याला दोन नाकपुड्या पाहिजेत. मी म्हटलं, बनवणाऱ्यांना कळत नव्हतं का? तर माझ्याकडे न बघताच गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली. शेजारच्या भगवंताला वेल्डिंगचं मशीन घेऊन बोलावलं, आणि पुढं पंधरा दिवस आमच्या घरात जो काही शिमगा चालला तो तू बघायला हवा होतास. इंजिनाकडून येणारा पाइप मधेच कापला. त्याला दोन फाटे फोडले. एक फाटा जुन्या वाटेनं गेला, पण दुसऱ्या बाजूला डिझेलची टाकी, आणि मागं खाली लटकलेली स्टेपनी, मग पाइपला तीन ठिकाणी वाक द्यावा लागला. वाक देताना पाइप चेपू नये म्हणून आत कोरडी वाळू ठासून भरतात आणि गॅसनं लाल करून वाकवतात, हे तुला ठाऊक आहे. ती वाळू बारीक पाहिजे, हेही तुला ठाऊक असेल. पण ती त्यांनी माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळली, हे तुला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या भाकरीत कचकच लागली तेव्हा मला कळलं. टाकीला पाइपची धग लागू नये म्हणून मध्ये पत्रा हवा होता. तो माझा बाजरीचा डबा. चौदा वर्षांचा तेलाचा डबा, झाकणासकट, फोडून सपाट केला. बाजरी कुठे ओतली म्हणशील, तर तुझ्या जुन्या दप्तरात.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मला भगवंतानं नंतर सांगितली. दोन सायलेन्सर भंगारातून आणले होते, एक टेंपोचा, एक कुठल्याशा जीपचा. अण्णांनी दोन्ही फोडून त्यांच्या आतली जाळी काढून टाकायला लावली. भगवंत म्हणाला, "आवो भाऊ, आवाज लई व्हईल." तर हे म्हणाले, "व्हऊ दे." सोपान, तुला आठवतं ना, कॉलेजची पोरं मोटारसायकलचा सायलेन्सर फोडून मागायची तेव्हा अण्णा त्यांना गॅरेजच्या पायरीवरून हाकलून द्यायचे? आवाज करणारी गाडी म्हणजे रडणारं पोर, आधी त्याचं काय दुखतंय ते बघा, असं सांगायचे. त्याच माणसानं स्वतःच्या गाडीची जाळी आपल्या हातानं काढली. भगवंतालाही ते चमत्कारिक वाटलं, पण तो यांच्यापुढे बोलत नाही. मला चमत्कारिक वाटायला हवं होतं, पण मी डब्याच्या शोकात होते.

गाडी पहिल्यांदा चालू केली तेव्हा मी ओट्यावर लसूण सोलत होते. सोललेला लसूण अंगणात उडाला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. साळुबाईची म्हैस दावं तोडून वेशीपर्यंत गेली आणि दोन दिवस तिनं धारेला पान्हा सोडला नाही, त्याची बोलणी मी खाल्ली. आणि तुझे अण्णा? ते ड्रायव्हरच्या सीटवर दोन्ही पाय खाली पत्र्यावर घट्ट रोवून बसले होते आणि असे हसत होते, की मी लग्नातसुद्धा त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. खिडकीतून डोकं बाहेर काढून मला म्हणाले, "ऐकलंस का? आता कशी बोलाया लागली." मी ओरडून सांगितलं, की मीच काय, अवसरीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं असेल. पुढंही मी बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. ते हसतच राहिले.

तेव्हापासून कळंबमध्ये मला तोंड दाखवायची सोय नाही. शाळेचे गुरुजी येऊन सांगून गेले, की आण्णा गाडी घेऊन रस्त्यानं गेले की पाढे थांबवावे लागतात. रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला डावीकडचा सायलेन्सर घासतो, मग भगवंत तो परत वर बांधतो, जुन्या टायरच्या पट्ट्या कापून. मंचरला पोलिसांनी अडवलं. हवालदार पाच मिनिटं समजावत होता, हे असलं चालायचं नाही, काढून टाका. हे ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि म्हणतात, "बरं बरं. तब्येत संभाळा, सायेब." हवालदार माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मलाही तेच वाटलं. मी खाली मान घालून बसले आणि घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. आमचा अबोला त्या गाडीत कुणाला कळायचीही सोय नव्हती म्हणा.

तू म्हणशील, आई, मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय. थांब जरा. तू तरी कुठे कमी आहेस. दोन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांच्या रजेवर आलास, तर दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवलात. मी मध्ये बसून आमटी वाढत होते, एकदा इकडे वळून, एकदा तिकडे. दोघंही एकाच हट्टाचे. आणि भांडण कशावरून, तर बोरी बुद्रुकच्या पाव्हण्याच्या जीपवरून, जी त्यानं पुढच्या वर्षी विकूनसुद्धा टाकली.

ते भांडण मी गेले दोन दिवस परत परत आठवतेय, म्हणून लिहिते. दोन हजार चारचा उन्हाळा. पाव्हणा म्हणाला, चढावर कुठंतरी किणकिण वाजतंय. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि सांगितलं, गिअरबॉक्स साफ आहे, मागचा भाग खोलू. तू म्हणालास, नाही अण्णा, गिअरबॉक्सचं बेअरिंग वाजतंय. ते म्हणाले, न्हाई. तू परत म्हणालास. गिऱ्हाईक समोर, भगवंत समोर, आणि तू तडकून बोललास, "तुमाला ऐकू येत न्हाई का?" अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि घरी निघून आले. त्यांनी सांगितलं तसंच काम झालं आणि चौथ्या दिवशी ओतूरच्या पुढं त्या जीपचा गिअरबॉक्स अडकला. तू बरोबर होतास. पण त्यावर तू त्यांना काही बोलला नाहीस, ते तुला काही बोलले नाहीत, आणि चार महिन्यांत तू मस्कतला. मला वाटायचं, मुलानं चारचौघांत अपमान केला, हे त्यांना लागलंय. तुला वाटायचं, स्वतःची चूक कबूल करवत नाही म्हणून ते तुझं तोंड बघत नाहीत. आपण दोघांनीही आपापलं ठरवून टाकलं आणि तीन वर्षं त्यावर बसून राहिलो.

आता लोणी गावातलं सांगते. या महिन्याच्या सुरुवातीला, गाडी नव्या आवाजात धावायला लागल्यावर, अण्णा मला तिथं तुझ्या ठमाआत्याकडे घेऊन गेले. तुला माहीतच आहे, आपल्या घरात आता मेंढरं फक्त तिच्याकडेच राहिलीत. दुपार कलली होती. मेंढ्या चरून परत येत होत्या आणि कोकरं वाघरीत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात, कोंडलेली होती. त्यात हा आमचा रथ गर्जत आत शिरला. मेंढ्या उधळल्या, वाघर पडली, कोकरं मेंढ्यांत मिसळून गेली, अर्धी शेजारच्या कांद्यात. आत्यानं अण्णांना ज्या शिव्या दिल्या त्या मी एरवी सांभाळून ठेवल्या असत्या. कळप गोळा करायलाच अंधारत आलं. मग कोकरं आयांना लावायची होती. तुला आजोबा जानकूंची ती गोष्ट मी लहानपणी शंभरदा सांगितलीय, की दोनशे कोकरं एकदम ओरडत असली तरी कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे ते डोळे मिटून सांगायचे, आणि त्यांच्यानंतर तो कान फक्त अण्णांना आला. दहा-अकरा वर्षांचे असताना ते कळपात मध्ये उभे राहायचे आणि बोट दाखवायचे, इकडची तिकडे, तिकडची इकडे. पुढं गाड्यांत आले तेही याच कानावर. आत्या अण्णांना म्हणाली, "मच्छ्या, आता केलंस तूच, तूच लाव."

अण्णा कळपात जाऊन उभे राहिले. एक कोकरू उचललं, एका मेंढीखाली नेलं. तिनं ढुशी मारून लांब उडवलं. दुसरं उचललं. तेही उडवलं. तिसरं हातात घेऊन ते नुसतेच उभे राहिले, इतका वेळ, की कोकरू ओरडून ओरडून दमलं. आत्या हसायला लागली, "कान कुठं ठिवलास रं? कळंबात इसरलास का काय?" तेही हसले. मग कोकरू माझ्या हातात दिलं, गाडीत जाऊन बसले आणि गाडी चालू करून अर्धा तास तशीच उभी ठेवली. डिझेल जळतंय, मेंढ्या बुजतायत, आणि हे पाय पत्र्यावर रोवून काचेतून समोर बघतायत. मी जाऊन खिडकीत भांडले. काय काय बोलले ते आता आठवायला नको वाटतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "चल, निघू."

सोपान, मी सातवी शिकलेली बाई. पण मला स्वतःला बरंच कळतं असा माझा समज होता. अण्णांनी टीव्हीवरच्या बातम्या बघायच्या सोडल्या, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, सगळे खोटंच बोलतात. मोबाइल नको म्हणाले, तेव्हा म्हटलं, जुनं खोड आहे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की "भगवंता, बघ रे पाव्हणं काय म्हणत्यात" असं सांगून गाडीखाली शिरायचे, तेव्हा म्हटलं, माणूसघाणा झालाय. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे राग तयार होता. तो मी मोठ्यानं काढतही होते, आणि एवढी बडबड फुकट जातेय याचं मला कधी नवल वाटलं नाही.

परवाचा रविवार. तू म्हणालास, मी दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. मी मागच्या बाजूला वाळवण घालत होते. फोन वाजला तो मला तिथपर्यंत ऐकू आला. अण्णा पुढच्या खोलीत आहेत, उचलतील म्हणून मी सावकाश आले आणि खिडकीशी थांबले. ते फोनला टेकून बसले होते, सोपान. मांडीवर सूप, सुपात शेंगा, आणि कोपर फोनच्या टेबलावर. फोन वाजत होता आणि ते शेंगा फोडत होते. मी रिंगा मोजल्या नाहीत, पण एक मूठ शेंगा फोडून झाल्या. फोन थांबला. परत वाजायला लागला. त्यांनी एक किडका दाणा निवडून बाजूला टाकला. परत थांबला. मला वाटलं, तुझ्यावरचा राग आहे, मुद्दाम उचलत नाहीत, आणि मी तणतणत दारातून आत शिरले. माझी सावली सुपावर पडली तशी त्यांनी वर बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं, मग घड्याळाकडे. तुझी वेळ झालेली होती. त्यांनी घाईनं सूप खाली ठेवलं, रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि म्हणाले, "हां, सोपान. बरं हाय समदं. बरं बरं. तब्येत संभाळ. घे, आईशी बोल."

आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. त्यात कुणीच नव्हतं, नुसता टूं आवाज येत होता. तू केव्हाच फोन ठेवला होतास.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "हां रे सोपान, जेवलास का? ऊन फार आहे का तिकडं?" मी त्या रिकाम्या फोनवर पाच मिनिटं बोलले. तुझी चौकशी केली, तुझ्या वतीनं स्वतःच उत्तरं घेतली, हसलेसुद्धा एकदा. मग ठेवला. त्यांनी विचारलं, "काय म्हनतुय?" मी सावकाश, तोंड नीट हलवून सांगितलं, मजेत आहे. त्यांचा चेहरा उजळला आणि ते गॅरेजला गेले. त्यानंतर दहा मिनिटांनी तुझा तिसरा फोन आला, तो मी उचलला. तू म्हणालास, अण्णा माझा फोन उचलेनासेसुद्धा झाले, आता सहीच करतो. माझा आवाज ओला होता, तुला वाटलं सर्दी झालीय. मी हो म्हटलं.

तर पत्र का, ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल. फोनवर मी हे बोलू शकत नाही, कारण मी बोलत असते तेव्हा ते समोर बसून माझ्या ओठांकडे बघत असतात आणि त्यांना बरंच कळतं. एसटीडी बूथवर जाऊन बोलले तर बूथवाला संध्याकाळपर्यंत सगळ्या कळंबला सांगेल, आणि ज्याचा कान गेला त्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल, याची त्यांना धास्ती आहे. गाडी घुसमटली नव्हती रे, आणि दोन नाकपुड्यांची तिला गरज नव्हती. मला कळलंय हे मी त्यांना सांगितलेलं नाही, तूही कळू देऊ नकोस, डॉक्टरचं मी माझ्या पद्धतीनं बघते. तुझ्याकडून मला एकच हवंय. तू विचारलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत अजून पोचलेलाच नाही, तो परत विचार. पत्रातून विचार. चौथी शिकलेत, पण पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि तिथल्या वर्कशॉपमधल्या गाडी उचलायच्या रॅम्पचं चित्र काढून तू जे पहिलं पत्र पाठवलं होतंस ते गॅरेजच्या भिंतीवर अजून आहे, त्याच्या कडांना त्यांच्या तेलकट बोटांचे ठसे आहेत. पाकिटावर नाव त्यांचं घाल, माझं नको. अक्षर मोठं काढ. त्या जीपचं तुला वाटत असेल ते लिही, वाटत नसेल तर नको लिहू. पण सही करू की परत येऊ, हे लिही. मग पत्र पोचल्यावर जो रविवार येईल त्या दिवशी फोन कर. मी उचलेन आणि त्यांच्या हातात देईन. त्यांना बोलायचं ते ते बोलतील, बोलता चांगलं येतं त्यांना. त्या दिवशी तू काही बोलू नकोस. नुसतं ऐक.

त्यांनी तुला ये म्हटलं तर याच दोन सायलेन्सरांच्या गाडीतून विमानतळावर तुला घ्यायला येणारी, आणि वाटेत एक शब्दही न कुरकुरणारी,

तुझीच
आई